मुशी : आपल्या किनाऱ्यावरचा लहानगा शार्क

शार्क म्हटला की माणसावर धावून येणारा अक्राळविक्राळ जलचर डोळ्यांपुढे उभा राहतो. पण आपल्या कोकण किनाऱ्यावर एक शार्क असा आहे, की पुरा वाढला तरी दीड हाताच्या फारसा पलीकडे जात नाही. अशा लहान शार्कांना मुंबईकडे मुशी म्हणतात, मालवणकडे मोरी. याचे शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. १९२८ साली थिल्लयम्पलम यांनी त्याच्या शरीररचनेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि पुढे समुद्र न पाहिलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शार्क पाहिला तो हाच.

मुशीचे नाकाड गवंड्याच्या थापीसारखे चपटे असते. अंगात हाड म्हणून नाही; सारा सांगाडा कूर्चेचा. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी ती लहान मासे, कोळंबी, माकूळ खाऊन राहते.

खरी नवलाई पुढेच आहे. मुशी अंडी घालत नाही, पिले देते. तिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, त्यात बलक जवळजवळ नाहीच. मग गर्भ पोसायचा कसा? तर आपल्याप्रमाणेच वारेतून! आईच्या रक्तातून त्याला पोषण मिळते आणि काही महिन्यांनी सुमारे पाच-सहा इंचांचे पिलू बाहेर येते.

आता नाशिककर गृहिणींची तक्रार : मुशीला उग्र वास का येतो? समुद्राच्या खारेपणाशी तोल राखण्यासाठी शार्क अंगात युरिया साठवतो. मेल्यावर जंतू त्याचा अमोनिया करतात. दीडशे किलोमीटरांहून लांबून, कसारा घाट चढून येणारी मुशी वाटेत बर्फात नीट राहिली नाही, तर हा वास येणारच. म्हणून ती ताजीच घ्यावी.

आणि एक. बांगड्याची मादी हजारो अंडी सोडते. मुशीला एका वेळी पिले होतात ती डझन-दीड डझनच्या आसपास. गाभण मुशी जाळ्यात आली की ती सारी तिच्याबरोबर जातात. तेव्हा बाजारात वीतभराहून लहान मुशी दिसली, तर ती नुकतीच जन्मलेली आहे हे ओळखावे आणि टोपली पुढे जाऊ द्यावी. घेणारा नसला की धरणाराही विचार करतो.