शहागडच्या पुलावरची पेटंटं

उसाचा हंगाम ऐन भरात असताना शहागडच्या गोदावरी पुलाशी दहा मिनिटं उभं राहून पाहा. अलीकडे जालना जिल्हा, पलीकडे बीड, आणि मधून धुळे-सोलापूर महामार्गाची न थांबणारी वर्दळ. मोठ्याने गाणी लावून चाललेले डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, मागून सळयांचा ट्रक, पाइपांचा भारा बांधलेला टेम्पो, ठिबकच्या नळ्यांची काळी वेटोळी, खताच्या गोण्या. या साऱ्यांच्या मागे कधीकाळी कुणाचं तरी पेटंट होतं. त्या पेटंटांच्या मुदती कधीच संपल्या, म्हणून तर हा माल आपल्याला परवडतो. पण त्यामागची माणसं एकेक वल्ली होती. त्यांची ही उचकाउचक.

एक वाफ, चार कामं

गुऱ्हाळात काहिलीखाली चुलाण पेटतं, रस आटतो आणि वाफ आभाळात जाते. ती गेली की गेली. शहागडपासून जवळच अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. तिथे किंवा कुठल्याही साखर कारखान्यात गेलात तर वाफ अशी फुकट जाऊ देत नाहीत. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसरं भांडं तापवते, दुसऱ्याची तिसरं. पुढच्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवतात, त्यामुळे रस कमी उष्णतेत उकळतो. डोंगरमाथ्यावर चहाचं पाणी लवकर उकळतं ना, तोच न्याय. चार भांडी असली की कारखान्यातले लोक त्याला ‘क्वाड’ म्हणतात. ढोबळ हिशेब असा की एक किलो वाफ एका भांड्यात एक किलो पाणी उडवते, चार भांड्यांत जवळपास चार किलो.

ही युक्ती नॉर्बर्ट रिलियू याची. जन्म 1806, न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय. शिक्षण पॅरिसला झालं आणि विशीतच तो तिथे वाफेच्या यंत्रांवर शिकवू लागला. त्या काळी अमेरिकेत उसाचा उकळता रस एका कढईतून दुसरीत पळ्यांनी उपसायचं काम गुलाम करत. भाजणं रोजचंच. रिलियूने 1843 आणि 1846 साली पेटंटं घेतली आणि ते काम बंद भांड्यांकडे सोपवलं. पण त्याच्या कातडीचा रंग पाहणाऱ्यांना त्याचं डोकं दिसत नव्हतं. शेवटी तो पॅरिसला परतला, बरीच वर्षं इजिप्तच्या चित्रलिपीत रमला आणि 1894 साली तिथेच वारला. आज दूध आटवायलाही हीच युक्ती वापरतात. माझ्या मते साखरेच्या प्रत्येक पोत्यावर या माणसाचं नाव छापायला हवं.

बिलियर्डचा चेंडू आणि उसाचा चरक

अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. हत्ती कमी पडू लागले, तेव्हा पर्यायासाठी 10,000 डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. जॉन वेस्ली हायट नावाचा छापखान्यातला कामगार कामाला लागला आणि त्यातून 1870 साली सेल्युलॉइडचं पेटंट निघालं. त्याच्या चेंडूवरचा थर मात्र जरा ज्वालाग्राही होता. चेंडूवर चेंडू आदळला की कधीकधी टिकली फुटल्यासारखा आवाज होई. एका गुत्तेवाल्याने हायटला कळवलं म्हणे, ‘माझी काही तक्रार नाही, पण आवाज झाला की खोलीतला प्रत्येक जण पिस्तूल उपसतो!’

याच हायटने भावासोबत 1872 साली पातळ केलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. बादली, मग, खुर्ची, बाटलीचं झाकण हे सगळं त्या यंत्राच्या वंशावळीतलं. आणि शहागडकरांनी कान टवकारावेत अशी गोष्ट पुढेच आहे. याच पठ्ठ्याने ऊस गाळायचं यंत्रही बनवलं होतं.

दोन गळत्यांची कहाणी

ठिबकची नळी पॉलिथिनची. आता गंमत बघा. 27 मार्च 1933 रोजी इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट यांनी इथिलीन वायूवर प्रचंड दाब दिला होता. हाती आला थोडासा पांढरा, मेणचट पदार्थ. पुन्हा करायला गेले तर स्फोट. प्रयोग गुंडाळून ठेवला. डिसेंबर 1935 मध्ये कंपनीने पुन्हा हात घातला, तर उपकरण गळत होतं. दाब घटला म्हणून आणखी वायू सोडला, त्यात योगायोगाने किंचित ऑक्सिजन होता, आणि त्यानेच काम फत्ते केलं. पुढच्याच वर्षी पेटंटसाठी अर्ज गेला.

साधारण त्याच दशकात तिकडे पॅलेस्टाइनमध्ये सिम्हा ब्लास नावाच्या इंजिनिअरला एक झाड आजूबाजूच्या झाडांपेक्षा कितीतरी उंच वाढलेलं दिसलं. शोध घेतला तर जवळचा पाइप थेंब थेंब गळत होता. कल्पना डोक्यात राहिली, पण स्वस्त नळी मिळेना. ती प्लास्टिकने दिली आणि 1965 साली नेटाफिम कंपनी उभी राहिली. म्हणजे नळी एका गळतीतून आली आणि कल्पना दुसऱ्या गळतीतून. अंबड तालुक्यातल्या मोसंबीला थेंब थेंब पाणी मिळतं ते या दोन्ही गळत्यांच्या कृपेने.

पीव्हीसी पाइपची कथा याच्या उलट, तिथे गळती झाली ती संधीची. जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे याने 1913 साली पेटंट घेतलं. त्याच्या कंपनीला त्याचं काय करावं ते सुचेना, म्हणून 1925 मध्ये तिने हक्क सोडून दिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाल्डो सिमन याने पीव्हीसी मऊ करून दाखवलं. कर्म!

गोणी आणि सळई

जिला आपण बिनदिक्कत नायलॉनची गोणी म्हणतो तिच्यात नायलॉनचा धागाही नसतो. ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. अमेरिकेत होगन आणि बँक्स यांना ते 1951 मध्ये सापडलं, इटलीत नाट्टाला 1954 मध्ये. पहिलं कोण, हा वाद इतका चिघळला की होगन-बँक्स यांच्या हाती पेटंट पडलं 1983 साली. आपल्या बांधाच्या भांडणांनी लाजावं असं प्रकरण.

सळयांचा ट्रक जालन्याचा. तिथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं ते ज्वाळेशिवाय. बाहेरच्या वेटोळ्यातून वीज फिरते आणि आतलं लोखंड आपोआप तापतं. अशा भट्टीचं पेटंट इंग्लंडमध्ये फेरांटी याने 1887 साली घेतलं, तेव्हा तो विशीतला तरुण होता. टीएमटी सळईत तर उष्णतेची कंजुषी आणखी पुढे जाते. लालबुंद सळईवर पाण्याचा मारा करतात, त्याने साल कडक होते. आतला गाभा गरमच असतो. तीच ऊब बाहेर येऊन सालीला चिवट करते. वेगळी भट्टी नको, वेगळं इंधन नको.

उसाचं प्लास्टिक, हळदीचं पेटंट

उसापासून प्लास्टिक, हे ऐकून चमकू नका. आपल्या देशात 1959 साली बंगालमधल्या रिश्राला पॉलिथिन निघू लागलं तेच अल्कोहोलपासून. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये जेजुरीला पीएलए या जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून प्लास्टिक.

जेजुरी म्हटलं की भंडारा आलाच. हळदीने जखम भरते, यावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या आज्या खटल्यात उभ्या राहिल्या नाहीत, पण त्यांचं ज्ञान राहिलं. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे केले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. तेव्हा संस्थेच्या प्रमुखपदी होते रघुनाथ माशेलकर. मूळचे गोव्यातल्या माशेलचे आणि स्वतः पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकच्याच कुळातले शास्त्रज्ञ.

आता तुमचा नंबर

भारतातला पेटंटचा पहिला अर्ज 1856 सालचा, कोलकात्याच्या डिपेनिंग यांचा. शोध कसला? पंखा ओढायच्या यंत्राचा. साहेबाला घाम येत होता, दुसरं काय!

आपल्याकडे पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं चालतं. त्या बदल्यात शोधाची सगळी कृती उघड लिहून द्यावी लागते आणि ती कुणालाही फुकट वाचता येते. शेती करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, शेतीच्या अवजाराला मिळू शकतं. तेव्हा ठिबकची तोटी साफ करायची किंवा ट्रॉली रिकामी करायची एखादी नामी युक्ती तुमच्या वर्कशॉपात तयार असेल, तर ती कृषी प्रदर्शनात मांडायच्या किंवा मोबाइलवर फिरवायच्या आधी अर्ज करा. एकदा जगजाहीर झालेली युक्ती नवी धरत नाहीत. पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण जायची गरज नाही. अर्ज ऑनलाइन होतो आणि एकट्या माणसाला अर्जाची मूळ फी 1,600 रुपये पडते.