इलोना आणि वजनाचा काटा

शाळेत द्यायच्या तब्येतीच्या फॉर्मवर ‘ओव्हरवेट’ हा शेरा पाहून इलोना माहेरला फार शरम वाटायची. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याची ही मुलगी नर्सिंग शिकली आणि रग्बी सेव्हन्स खेळू लागली. सात-सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, समोरची धावत आली की तिला धरून पाडायचे. इथे नाजूकपणा कामाचा नाही.

२०२४ साली कुणीतरी टोमणा मारला, हिचा बीएमआय ३० तरी असेल. तिने हिशेबच मांडला: बीएमआय २९.३, उंची ५ फूट १० इंच, वजन सुमारे ९० किलो, त्यात चरबी वगळून ७७ किलो. बीएमआय फक्त उंची आणि वजन पाहतो, स्नायू कोणते नि चरबी कोणती हे त्याला कळत नाही. (आपल्याकडे रिश्ता पाहायला येणाऱ्या खालाजानना हे कोण समजावणार!) आणि मी ऑलिम्पिकला चालले आहे, तुम्ही नाही, असेही तिने सुनावले.

टोकियोत तिचा संघ सहावा आला होता. पॅरिसला ३० जुलै रोजी शेवटच्या क्षणी अ‍ॅलेक्स सेड्रिक चेंडू घेऊन जवळजवळ अख्खे मैदान धावली. ऑस्ट्रेलियावर १४-१२ ने मात करून इलोनाच्या संघाने कांस्यपदक मिळवले. या खेळात अमेरिकेचे हे पहिलेच ऑलिम्पिक पदक.