व्यवसायशिक्षणाची निवड कोण करतो?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न चर्चेला येतो : आता पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी गुणपत्रिकाच देऊन टाकते. गुण भरघोस असले तर विज्ञान, मध्यम असले तर वाणिज्य, त्याहून कमी असले तर कला. आणि या तिन्ही दारांशी जो अडखळतो त्याच्याबाबत एखादे वडीलधारे नातेवाईक किंवा वर्गशिक्षक सुचवितात, 'याला आयटीआयला घाला.' मुलाला कोणत्या कामाची आवड आहे, त्याचा हात कशात चालतो, याची विचारपूस ही सूचना करण्यापूर्वी क्वचितच झालेली असते. सायकल सुटी करून पुन्हा जोडणाऱ्या, घरातला बंद पडलेला पंखा चालू करणाऱ्या मुलाला नव्वद टक्के गुण पडले, तर त्याला ही सूचना कोणी करीत नाही. उलट ज्याने पेचकस कधी हाती धरलेला नाही, तो गणितात कच्चा आहे एवढ्याच पात्रतेवर फिटर व्हावयाचा ठरतो.

गंमत अशी की फिटरला गणित लागते. व्हर्नियरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचावा लागतो, लेथवर निमुळता दंड कातताना कोनाचा हिशेब करावा लागतो, कागदावरील रेखाचित्र पाहून लोखंडातली वस्तू मनाशी उभी करावी लागते. म्हणूनच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात कार्यशाळेतील गणित आणि यंत्रचित्रकला हे विषय पहिल्यापासून आहेत. चांगला लौकिक असलेल्या शासकीय संस्थांत इलेक्ट्रिशियन किंवा फिटर या शाखांना प्रवेश मिळविण्यासाठी चढाओढ असते व तेथे काठावर उत्तीर्ण झालेल्यांचा निभाव लागत नाही. तरीही 'अभ्यासात न चालणाऱ्यांचे शिक्षण' हा या संस्थांवर बसलेला शिक्का काही पुसला जात नाही.

हा शिक्का पुसण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळांतून दोन वाटा असाव्यात, एक विद्यापीठाकडे जाणारी व दुसरी व्यवहारोपयोगी, अशी शिफारस केली होती. त्याच आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी गावच्या शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान दिले जावे अशी मागणी केली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशी शाळा सुचविल्या. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने कार्यानुभव व उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसायशिक्षण यांचा पुरस्कार केला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तर उद्दिष्टच ठरवून दिले : उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी दहा टक्के १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्के १९९५ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळावेत. १९९२ साली धोरणाची फेरतपासणी झाली तेव्हा टक्केवारी तीच राहिली. फक्त वर्षे बदलून १९९५ व २००० अशी झाली. २०२० च्या धोरणाने निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडविण्यासाठी २०२५ हे वर्ष नेमून दिले होते. आकडा फुगत गेला, मुदत पुढे सरकत गेली.

याच धोरणात एक तुलना आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे असे सांगितले आहे की, १९ ते २४ वयाच्या भारतीय कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी लोकांनी औपचारिक व्यवसायशिक्षण घेतलेले आहे. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. हा आकडा भाषणांतून वारंवार ऐकविला जातो, मात्र त्यातील 'औपचारिक' हा शब्द बहुधा गाळला जातो. गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे काढून इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारा कारागीर या मोजणीत अशिक्षितच ठरतो. त्याला शिकविणारा कोणी होता. प्रमाणपत्र देणारा मात्र कोणी नव्हता.

पालक या शिक्षणाकडे पाठ का फिरवितात, याचे ठरीव उत्तर म्हणजे पांढरपेशा वृत्ती. इंग्रजी राज्याने कारकुनाची खुर्ची प्रतिष्ठेची केली आणि आपण अद्याप तिच्यातच अडकलो आहोत, हे विवेचन शिक्षकांच्या सभांतून इतके रूढ झाले आहे की त्याची छाननी करण्याची गरज कोणास वाटत नाही. फिलिप फॉस्टर या अभ्यासकाने १९६५ साली घाना देशाच्या संदर्भात नेमका हाच समज तपासून पाहिला. तेथील मुले कारकुनी शिक्षणाकडे धाव घेतात ती अज्ञानामुळे नव्हे, त्या शिक्षणानंतर मिळणारे वेतन व स्थैर्य कारागिरीपेक्षा जास्त आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते म्हणून, असा त्याचा निष्कर्ष होता. रोजगाराच्या बाजारात जे मोल मिळते ते शाळेतील अभ्यासक्रम बदलून बदलत नाही, असे त्याचे म्हणणे.

महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कारकुनाचा हिशेब याहून निराळा नाही. आपल्याला महिन्याच्या ठराविक तारखेला पगार मिळतो, आजारपणाची रजा मिळते, हे तो जाणतो. आणि शेजारचा वेल्डर औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबतो, त्याचे कंत्राट मुदत संपली की संपते, डोळे अधू झाले तर विचारणारे कोणी नाही, हेही तो पाहतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आस्थापनांना उमेदवार घेण्याचे बंधन घातले खरे, तथापि उमेदवारी संपल्यावर त्याला कामावर ठेवण्याची सक्ती मालकावर नाही. वर्षभर विद्यावेतनावर काम करून घ्यावे, मग नवा उमेदवार आणावा, हे ज्या कारखान्यांत चालते तेथील मुले गावी परत येतात आणि लहान भावंडांना काय सल्ला देतात हे सांगावयास नको. अशा स्थितीत मुलाला कला शाखेची पदवी घेऊ द्यावी व स्पर्धा परीक्षेला बसवावे, असे ठरविणारा बाप चुकत असेल. पण तो खुळा नाही.

आणखी एक कारण आहे व त्याचा उच्चार सभांतून सहसा होत नाही. ज्या देशात जन्मानेच धंदा ठरत आला, तेथे 'मुलाला हाताचे काम शिकवा' हा उपदेश सर्वांच्या कानी सारखाच पडत नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ निम्मी करून उरलेला वेळ मुलांनी आईबापांचा धंदा शिकण्यात घालवावा अशी योजना आणली. तिला 'कुलधंद्याचे शिक्षण' असे नाव ठेवून लोकांनी प्रखर विरोध केला. १९५४ मध्ये राजगोपालाचारींना पायउतार व्हावे लागले आणि योजनाही रद्द झाली. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच मांडले होते. चर्मकाराच्या किंवा लोहाराच्या घरातली पहिली पिढी शाळेत येते ती ऐरण सुटावी म्हणून. तिला श्रमप्रतिष्ठेचा पाठ देणाऱ्या शिक्षकाची स्वतःची मुले कोणत्या महाविद्यालयात जातात, हे ती पाहत असते. व्यवसायशिक्षणाचा वर्ग जोवर ठराविक वस्त्यांतील मुलांनीच भरतो, तोवर त्या वर्गाला निवड हे नाव देणे धाडसाचे होईल.

महाराष्ट्राच्या पदरी या बाबतीत मोठा अनुभव जमा आहे. तांत्रिक माध्यमिक शाळांतून आठवी ते दहावीच्या मुलांनी कानस, करवत, रंधा, गुण्या हाताळला. त्यांतील कित्येक पुढे तंत्रनिकेतनांत गेले. १९८८ नंतर अकरावी-बारावीसाठी किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले. तांत्रिक, वाणिज्य, कृषी, अर्धवैद्यकीय, गृहशास्त्र, मत्स्य असे त्यांचे गट होते. परंतु सर्वांत बोलका अनुभव आहे तो द्विलक्षी अभ्यासक्रमाचा. एक भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून त्याऐवजी दोनशे गुणांचा व्यवसायविषय घ्यावयाचा, अशी ती सोय. हेतू हा की बारावीनंतर विद्यार्थ्याला पदवीचीही वाट मोकळी राहावी व हाती एखादे कामही असावे. घडले ते असे : इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्र या द्विलक्षी विषयांसाठी उत्तम गुणांची मुले रांगा लावू लागली, कारण प्रात्यक्षिकाचे गुण तेथे सढळ हाताने पडतात असा लौकिक होता आणि जीवशास्त्राचा भार टळत होता. या मुलांना अभियांत्रिकीला जावयाचे होते. सोल्डरिंगचा तास त्यांच्या लेखी टक्केवारीची शिडी होती. त्याच विषयाच्या बळावर दुरुस्तीचे दुकान काढण्याची खरी गरज असलेला विद्यार्थी त्या रांगेत मागे राहिला. व्यवसायविषयालाही प्रतिष्ठा मिळू शकते, एवढे यावरून सिद्ध झाले. ती त्याला व्यवसाय म्हणून मिळाली नाही.

याच्या अगदी उलट दिशेने एक प्रयोग पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात झाला. अन्नतंत्रज्ञ असलेले डॉ. श्री. शे. कलबाग यांनी मुंबईतील मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून १९८३ साली पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेतल्या सर्व मुलामुलींनी आठवड्यातून एक दिवस काम करीत शिकावे, ही त्यांची कल्पना. यंत्रकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशी चार क्षेत्रे ठरविली गेली आणि मुलामुलींनी ती सर्वच शिकावयाची. वेल्डिंग मुलींनीही करावयाचे, रक्तातील हिमोग्लोबिन तपासणे मुलांनीही शिकावयाचे. शिकविणारा शक्यतो गावातलाच कसबी माणूस. मुलांनी केलेल्या कामातून गावाला एखादी सेवा मिळावी, नुसते नमुने करून ते मोडीत टाकले जाऊ नयेत, यावर कटाक्ष होता. शाळेचे फाटक तयार करावयाचे तर लोखंडाचे वजन काढा, विजेचा आकार धरा, मजुरी लावा, मग किंमत सांगा. गणिताचा तास तेथेच होतो. कलबाग २००३ साली गेले, पण आश्रमाचे काम चालू राहिले आणि तेथील अभ्यासक्रम इतर अनेक शाळांनी स्वीकारला.

पाबळचे वेगळेपण असे की तेथे चौदा वर्षांच्या मुलाला धंदा निवडावयास लावले जात नाही. वेल्डिंगची ठिणगी, रोपवाटिका व घरातील वायरिंग हे सारे त्याच्या हातून एकदा गेले की दहावीनंतर तो जे ठरवील त्याला काही आधार असतो. आजच्या नववीतील व्यवसायविषयांत नेमके हेच साधत नाही. राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीनुसार शाळेला एक-दोन विषय मंजूर होतात, किरकोळ विक्री म्हणा की सौंदर्यप्रसाधन म्हणा. मुलाची निवड शाळेला काय मंजूर झाले यावर अवलंबून राहते. शिकविणारा प्रशिक्षक बहुधा कंत्राटावरचा. स्थैर्य देणारे कौशल्य ज्याने शिकवावयाचे त्यालाच पुढच्या जूनची शाश्वती नसावी, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही. मुलींच्या बाबतीत तर शिवणकाम व केशरचना यांपलीकडे कोणाची कल्पना सहसा धावत नाही. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात एखादीच मुलगी दिसते. आणि हे तिच्या आवडीमुळे घडते असे मानणे सोयीचे आहे, खरे नाही.

जर्मनीचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते, तेव्हा त्याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. तेथे उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात व उरलेले शाळेत काढतो, कराराने ठरलेले वेतन घेतो, आणि हे सारे १९६९ च्या कायद्याने बांधलेले आहे. पण बहुतेक प्रांतांत मुलांची वाटणी दहाव्या वर्षीच होते व गरीब घरांतील मुले खालच्या वाटेवर अधिक पडतात, ही टीका तेथीलच शिक्षणतज्ज्ञ करीत आले आहेत. वाट बंद राहू नये म्हणून २००९ मध्ये मास्टर कारागिराला विद्यापीठाचे दार सर्व प्रांतांत उघडण्याचे ठरले.

असे दार महाराष्ट्रात आहे. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पुरा केलेल्या विद्यार्थ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षात. म्हणजे कानस हाती धरलेला मुलगा अभियंता होऊ शकतो, आणि काही होतातही. परंतु शाळांच्या सूचनाफलकांवर ही माहिती शोधूनही सापडत नाही, कारण निकालानंतर 'याला आयटीआयला घाला' एवढे सांगून शाळेचे कर्तव्य संपते.

ज्या पालकाला मुलाचा निर्णय खरोखर त्याच्याबरोबर बसून करावयाचा आहे, त्याने प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वी संस्थेत एक फेरी मारावी. किती लेथ चालू आहेत आणि किती झाकून ठेवले आहेत? एका यंत्रावर किती मुले? निदेशक नेमणुकीचे आहेत की तासिकेवरचे? मागच्या वर्षी बाहेर पडलेली मुले कोठे कामाला लागली आणि त्यांतील किती तेथे टिकली? मुलगा बरोबर असावा, आणि शक्य असेल तर त्याला अर्धा तास कार्यशाळेत उभे राहू द्यावे. निदेशक परवानगी देईल तर बेंचवर पकडलेल्या लोखंडी पट्टीवर त्याला कानस चालवून पाहू द्यावी.