घराच्या परसांत कोणतीं फळझाडें लावावीं?

मृग नक्षत्र निघालें कीं आमच्या बीड जिल्ह्यांतील आठवडी बाजारांत कलमांच्या गाड्या उभ्या राहूं लागतात. प्रत्येक रोपाच्या गळ्यांत रंगीत चित्राची चिठ्ठी बांधलेली असते, आणि चित्रांतील फळ असें रसरशीत असतें कीं पाहणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जावा. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं अशाच गाडीवरून सफरचंदाचीं दोन व लिचीचें एक अशीं तीन कलमें घेतलीं व मोठ्या हौसेनें परसांत लाविलीं. दिवाळी झाल्यावर तें कुटुंब नेहमींप्रमाणें ऊसतोडीस गेलें. फाल्गुनांत परत आलें तेव्हां तीन काटक्या आणि तीन चिठ्ठ्या एवढेंच शिल्लक होतें. गृहस्थ आम्हांस म्हणाले, "काका, खत तर भरपूर घातलं होतं." खत घातलें होतें हें खरें, आम्हीं स्वतः पाहिलें होतें. पण पाणी घालण्यास घरीं कोणी नव्हतें.

याकरितां आमचें असें मत झालें आहे कीं, परसांतील झाड निवडतांना प्रथम फळाची गोडी पाहूं नये. वर्षाचे किती दिवस त्या झाडापाशीं पाण्याचा तांब्या घेऊन कोणी उभें राहणार आहे, हें प्रथम पहावें. आपल्या जिल्ह्यांतील लाखों माणसें दसऱ्या-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. घरीं म्हातारीं माणसें व शाळेंतलीं मुलें राहतात, कोठें तर दारास कुलूपच असतें. परतल्यावर जो उन्हाळा वाट्यास येतो त्यांत माणसांनाच टँकरची वाट पहावी लागते. ज्या झाडास हे दोन्ही काळ सोसतात तें आपलें झाड. बाकीचीं पाहुणीं समजावीं.

आम्ही महसूल खात्यांत कारकून असतां २०१२ सालचा पाऊस उणा झाला, आणि २०१३ च्या उन्हाळ्यांत मराठवाड्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. नुकसानीच्या याद्या लिहिण्याचें काम आमच्याकडे होतें. रकान्यांत झाडांची संख्या, वय व शेरा लिहावयाचा. दहा-बारा वर्षें पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलीं झाडें कुऱ्हाडीनें तोडून जळणाच्या भावानें जात होतीं, आणि शेरा मात्र एकाच शब्दाचा, "वाळलें". त्याच शेतांच्या बांधांवर सीताफळीचीं व बोरीचीं झाडें निष्पर्ण उभीं होतीं. त्यांची नोंद कोणी सांगितली नाहीं व आम्हीं घेतली नाहीं. आषाढांत पुन्हां त्या वाटेनें गेलों तों बांध हिरवागार! वाळलेलें झाड व निजलेलें झाड यांतील फरक आम्हांस त्या दिवशीं कळला.

मोसंबी वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. बारमाही विहीर असणाऱ्यानें ती अवश्य लावावी. पण घरापुरत्या चार-सहा झाडांचा विचार असेल, तर उन्हाळ्यांत निजणाऱ्या झाडांपासून आरंभ करावा.

त्यांत अग्रमान सीताफळाचा. हें झाड मूळचें अमेरिका खंडांतलें. पण बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर तें असें रुजलें आहे कीं धारूर-अंबाजोगाईकडील डोंगरांत त्यास कोणी परकें म्हणणार नाहीं. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. परसाच्या दृष्टीनें याचे गुण तीन. माघ-फाल्गुनांत पानें झडून झाड निजतें व पाऊस पडेपर्यंत पाणी मागत नाहीं. त्याच्या पाल्यास शेळ्या तोंड लावीत नाहींत. हा गुण केवढा मोठा, हें ज्याच्या घराशेजारीं शेळ्या आहेत त्यासच समजेल. तिसरा गुण असा कीं, फळ भाद्रपद-आश्विनांत, म्हणजे माणसें तोडीस जाण्यापूर्वीं हातीं येतें.

जातींपैकीं बाळानगर सर्वत्र मिळते. अंबाजोगाई येथें परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें सीताफळ संशोधन केंद्र आहे. तेथें निवडलेली धारूर-६ ही आपल्याच मातींतली जात असल्यानें आमचा कल तिच्याकडे आहे. बार्शी तालुक्यांतील नवनाथ कसपटे यांनीं निवडलेली एन.एम.के.-१, जिला लोक गोल्डन म्हणतात, ती गर अधिक व बिया कमी म्हणून नांवाजलेली आहे, व फळही जास्त दिवस टिकतें. परंतु ती उशिरा पिकते. बाजारासाठीं हा गुण. ज्याच्या घरास कार्तिकांत कुलूप लागतें त्याच्यासाठीं दोष. तेव्हां शेजाऱ्यानें गोल्डन लाविली म्हणून आपणही लावावी असें नाहीं.

झाड फुलतें पण फळ धरत नाहीं, अशी तक्रार आम्ही पुष्कळ ऐकतों. सीताफळाच्या फुलांत स्त्रीकेसर आधीं तयार होतो व पराग मागाहून सुटतो, म्हणून एकाच फुलांत मेळ बसत नाहीं. बारीक भुंगेरे पराग नेतील तेवढींच फळें लागतात. घरच्या एक-दोन झाडांचें काम हातानेंही होतें. सकाळीं पूर्ण उमललेल्या फुलांतील पराग कागदावर झाडून घ्यावा व मऊ कुंचल्यानें अर्धवट उघडलेल्या फुलांत लावावा. हें काम मुलें आवडीनें करतात. श्रावणांत पावसानें उघडीप दिली तर एक-दोन वेळां पाणी द्यावें. तेवढ्यानें फळाचा आकार सुधारतो. पांढऱ्या पिठ्या ढेकणावर लक्ष ठेवावें. फळाचे डोळे उघडून मधल्या भेगा पिवळसर दिसूं लागल्या कीं उतरवावें व घरांत पिकवावें. बियांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून बिया कुटून उवांवर लावण्याचा जुना उपाय कोणीं सांगितला तरी करूं नये.

सीताफळाखालोखाल बोर. संक्रांतीस लेकराचें बोरन्हाण घरच्या बोरांनीं व्हावें यांत जो आनंद आहे तो विकतच्या बोरांत नाहीं. शिवाय हें फळ थंडींत येत असल्यानें घरीं राहिलेल्या आजीच्या व नातवंडांच्या वाट्याचें आहे. मात्र बोरीच्या बाबतींत आमचीच फजिती सांगितली पाहिजे. नोकरीच्या आरंभीं आम्हीं परसांत उमराण जातीचें कलम लाविलें. पुढें बदली झाली व तीन वर्षें घरीं राहणें झालें नाहीं. परतलों तेव्हां झाड छपरापर्यंत गेलें होतें, पण बोरें वाटाण्याएवढीं व आंबट! कलमाच्या जोडाखालून रानबोरीचा फुटवा निघून, गायरानावरील अतिक्रमणाप्रमाणें त्यानें सगळी जागा बळकाविली होती, आणि मूळ उमराण केव्हांच मरून गेलें होतें. कोणतेंही कलम असो, जोडाखालचे फुटवे दिसतांच खुडावेत. पहिलीं दोन वर्षें ही पाहणी दर पंधरवड्यास करावी.

त्या फजितींतूनच आम्ही पुढची गोष्ट शिकलों. जाणत्या माळ्याच्या सांगण्यावरून तें झाड चैत्राच्या अखेरीस जमिनीपासून दोन-तीन फुटांवर कापलें, फुटव्यांपैकीं दोन जोमदार ठेवले, आणि आषाढांत त्यांवर उमराणचे ढाल डोळे भरले. दुसऱ्याच हिवाळ्यांत मोठीं बोरें आलीं. ज्याच्या बांधावर किंवा परसांत रानबोर आपोआप उगवली आहे त्यानें कलम विकत घेऊंच नये. जागेवर उगवलेल्या बोरीचें सोटमूळ सरळ खोल गेलेलें असतें. पिशवींतल्या कलमाचें तें बहुधा वेटोळें झालेलें असतें, आणि दुष्काळांत याचा फार फरक पडतो. बोर नव्या फुटीवर फळते, म्हणून दर वर्षीं वैशाखांत झाड निजलेलें असतां छाटावें. किडकीं बोरें खालीं पडूं न देतां गोळा करून नष्ट करावीं, म्हणजे फळमाशी आटोक्यांत राहते.

आवळा हाही निजणाराच, पण त्याची रीत निराळी. तो चैत्रांत फुलतो आणि धरलेलें फळ पाऊस पडेपर्यंत मोहरीएवढेंच राहतें. उन्हाळाभर तें जणूं श्वास रोखून बसतें, व पुढें फुगून कार्तिकांत तुळशीच्या लग्नास तयार होतें. आवळा एकटा लावूं नये. त्याचे स्वतःचे पराग त्यास फारसे चालत नाहींत, म्हणून कृष्णा, चकैया, एन.ए.-७ यांपैकीं दोन वेगळ्या जाती जवळ असाव्यात. जागा एकाच झाडाची असेल तर दुसरें शेजाऱ्याच्या परसांत लावण्यास सांगावें. पराग कुंपण मानीत नाहीं.

चिंच, कवठ व जांभूळ हीं मोठीं झाडें. महाशिवरात्रीस कवठाची चटणी सर्वांस हवी असते, पण कवठ लावणारा विरळा. या तिन्हींस घराच्या भिंतीपासून निदान पंचवीस-तीस फूट दूर, शक्य तर बांधावर जागा द्यावी. चिंचेची प्रतिष्ठान ही निवडलेली जात कलमांच्या रूपानें मिळते.

आतां, माणसें घरीं परतल्यावर जीं फळें मिळावीं त्यांविषयीं. आंबा एकच लावावयाचा तर केसर लावावा. हापूस हा कोकणच्या हवेचा. आपल्याकडे त्याच्या नादीं लागूं नये. मराठवाड्याच्या केसरालाही २०१६ सालींच मानांकन मिळालें आहे. केसरास पहिले तीन उन्हाळे मात्र पाणी हवेंच, आणि त्याची व्यवस्था नसेल तर आंबा तूर्त तहकूब ठेवावा.

झुडपांकडे आमच्या लोकांचें लक्ष जात नाहीं, हें आश्चर्य आहे. कुंपणासाठीं आपण तारेचे पैसे मोजतों. तेवढ्याच जागेंत तीन-तीन फुटांवर करवंद लाविली तर तीन-चार वर्षांत असें कांटेरी कुंपण होतें कीं गुरूं आंत शिरत नाहीं, आणि ज्येष्ठांत लोणच्यास व खाण्यास करवंदें मिळतात तीं वेगळींच. करवंदाचें बीं लवकर निकामी होतें. फळ खाल्ल्यावर धुवून लगेच पेरावें. फालसा हें दुसरें झुडूप. पौषांत तें जमिनीपासून दोन-तीन फुटांवर छाटावें, म्हणजे नव्या फुटीवर वैशाखांत फळें येतात व त्यांचें सरबत उन्हांतून आलेल्या माणसास फार हितावह होतें. तुती तर आपल्या जिल्ह्यांत रेशीम करणाऱ्यांच्या शेतांत एकरच्या एकर उभी आहे. पण त्या जातींची निवड पाल्यावरून झालेली असते. खाण्यासाठीं लावावयाची तर ज्या झाडाचें फळ स्वतः चाखलें त्याचेंच बोटाएवढ्या जाडीचें छाट आणून पावसाळ्यांत खोंचावें.

मोरीच्या सांडपाण्यावर केळ, आणि थोडी दूर पपई. पपईच्या बुडाशीं पाणी तुंबलें कीं ती कुजते. कागदी लिंबाचें झाड बियांपासूनही बहुधा आईसारखेंच निघतें, म्हणून कलमासाठीं अडून राहूं नये. पण त्यास वर्षभर ओल लागते, तेव्हां तें घरीं माणूस असणाऱ्यानेंच लावावें. पेरूंत सरदार ही जात उत्तम. तिची निवड १९२७ सालीं पुण्याजवळ गणेशखिंडींत डॉ. चिमा यांनीं केली, आणि इतक्या वर्षांनींही तिचें नांव टिकून आहे.

कलम आणण्यापूर्वीं जमीन पहावी. गोदाकांठीं गेवराई-माजलगांवकडील खोल काळ्या रानांत पाणी तुंबतें. तेथें खड्डा करून पाणी भरावें, आणि दुसऱ्या दिवशींही तें मुरलें नसेल तर उंचवटा करून झाड लावावें. आष्टी-पाटोद्याकडील मुरमांत उलट अडचण. तेथें तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा वैशाखांतच खणून उन्हांत तापूं द्यावा आणि पोयट्याची माती, तीन-चार घमेलीं कुजलेलें शेणखत व किलोभर सुपर फॉस्फेट घालून भरावा. शेणखत कच्चें असल्यास वाळवी लागते. चांगला पाऊस होऊन ओल खोल गेल्यावर कलम लावावें. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे.

पहिल्या उन्हाळ्यासाठीं प्रत्येक झाडाशीं एक मडकें पुरावें. बुडास बारीक भोंक पाडून त्यांत सुताची वात घालावी व तोंडावर झांकण ठेवावें. आळ्यांत पाचट किंवा ज्वारीचीं धाटें वीतभर पसरावीं आणि दक्षिण-पश्चिमेस तुराट्यांचा आडोसा करावा. आमच्या त्या शेजाऱ्यांनीं गेल्या आषाढांत अशा रीतीनें दोन सीताफळीं, एक बोर व दोन आवळे लाविले. दिवाळीनंतर तोडीस जातांना त्यांनीं घराची किल्ली आईजवळ ठेविली आणि पांच मडकीं दर रविवारीं भरण्याचें काम आम्हांकडे सोंपविलें. दोन हंड्यांत पांचही मडकीं भरतात. फाल्गुनांत तीं मंडळी परतलीं तेव्हां सीताफळीस एकही पान नव्हतें, म्हणून गृहस्थ क्षणभर दचकले. आम्हीं नखानें साल खरवडून आंतला हिरवा पापुद्रा त्यांस दाखविला.