पत्ता, यॉर्क

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात थंडी छळत नाही इतका पत्ता छळतो. बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो आणि पुरावा म्हणून बँकेचंच पत्र नाहीतर विजेचं बिल मागतात. घरमालकाला हमीदार हवा, तोही इंग्लंडात राहणारा. एवढ्या जवळचं कुणी असतं तर घर शोधत फिरायची पाळी कशाला आली असती? लीड्सला, शेफिल्डला शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मुलं या चरकातून कशीबशी बाहेर पडतात आणि मग एखाद्या शनिवारी यॉर्कला जातात. लीड्सहून गाडीने अर्धा तासही लागत नाही. जातात ती फोटो काढायला, हे खरंच. पण परमुलखात बिऱ्हाड थाटणाऱ्यांचा जवळजवळ दोन हजार वर्षांचा इतिहास या गावाच्या पोटात आहे.

तिथला पहिला घोटाळा नावांचा. मिकलगेट या नावाच्या जागी फाटक शोधत बसू नये, कारण यॉर्कमध्ये ‘गेट’ म्हणजे रस्ता. 866 मध्ये व्हायकिंगांनी हे गाव घेतलं. त्यांच्या भाषेत रस्त्याला ‘गाता’ म्हणत, तो शब्द इथे चिकटून राहिला. मग वेशीला काय म्हणतात? ‘बार’. ‘मिकलगेट बार’ची पाटी वाचून घसा ओला करायला निघालेला माणूस थेट मध्ययुगीन वेशीखाली जाऊन उभा राहतो. कॉपरगेट ऐकून पुणेकराला आपली तांबट आळी आठवेल, पण तिथे तांब्याचा काही संबंध नाही. लाकडाच्या वाट्या आणि पेले कातणाऱ्यांची ती वस्ती, म्हणजे खरं तर कातारी आळी. 1976 ते 1981 या काळात तिथे खोदकाम झालं आणि ओल्या मातीत टिकून राहिलेल्या लाकडी भिंती, चामड्याचे जोडे, कंगवे असा व्हायकिंगांचा सगळा संसार वर आला. लुटारू म्हणून आलेले लोक पुढे दुकानं मांडून बसले होते.

त्यांच्याही आधी रोमन आले. इसवी सन 71 च्या सुमारास त्यांनी इथे छावणी वसवली आणि तिला एबोराकम असं नाव दिलं. सेप्टिमियस सेव्हेरस हा रोमन सम्राट 211 मध्ये याच गावात वारला. त्याचा जन्म आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचा, त्याची बायको जुलिया डोम्ना सीरियाची. साम्राज्याच्या उत्तर टोकाला, पावसाळी यॉर्कशायरमध्ये राहून हे दोन गरम मुलखांतले लोक राज्य हाकत होते. 1901 मध्ये एका थडग्यात चौथ्या शतकातल्या तरुण स्त्रीचा सांगाडा सापडला. तिच्यासोबत आफ्रिकी हस्तिदंताच्या आणि जेट नावाच्या काळ्याभोर दगडाच्या बांगड्या होत्या. जेट मिळतं ते यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, व्हिटबीला. रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये तिच्या कवटीचा आणि दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या पूर्वजांत उत्तर आफ्रिकेचा अंश असावा, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. दूरदेशीचं हस्तिदंत आणि जवळच्या किनाऱ्यावरचं जेट अशा दोन्ही बांगड्या तिच्याजवळ होत्या. स्थायिक होणं म्हणजे काय, हे त्या बांगड्यांइतकं नेमकं कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

मात्र गावाने प्रत्येकाला सामावून घेतलं, असं म्हणणं खोटं ठरेल. क्लिफर्ड्स टॉवर नावाचा बुरूज एका हिरव्या टेकाडावर उभा आहे. मार्च 1190 मध्ये त्या जागी लाकडी बुरूज होता. जमावाच्या भीतीने यॉर्कमधल्या ज्यूंनी तिथे आसरा घेतला होता. बाहेर पडायची वाट उरली नाही तेव्हा बहुतेकांनी स्वतःच जीव दिला. जे शरण आले त्यांनाही मारलं गेलं. मृतांचा आकडा दीडशेच्या आसपास सांगतात. हल्लेखोरांच्या पुढाऱ्यांत ज्यूंचे कर्जदार होते. नंतर जमाव मिन्स्टरमध्ये, म्हणजे गावच्या मुख्य चर्चमध्ये गेला आणि तिथे ठेवलेली कर्जाची कागदपत्रं त्याने जाळली. टेकाडाच्या पायथ्याशी स्मरणफलक आहे. वर चढण्याआधी तो वाचावा.

सेंट हेलेन्स चौकात बेटीज नावाचं चहाघर आहे. बाहेर रांग ठरलेली. अस्सल इंग्रजी म्हणून पर्यटक ज्या चहाचे फोटो घरी पाठवतात, तो पाजणारा हा धंदा एका स्विस माणसाने उभारला. फ्रिट्झ बुट्झर 1907 मध्ये इंग्लंडला आला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याच्याकडून नोकरीच्या गावाचा पत्ताच हरवला, अशी गोष्ट सांगतात. नाव ‘ब्राटवुर्स्ट’ या जर्मन सॉसेजसारखं काहीतरी होतं, एवढंच त्याला आठवत होतं. लोकांनी अंदाजाने त्याला ब्रॅडफर्डच्या गाडीत बसवलं! पुढे तो फ्रेडरिक बेलमाँट झाला. 1919 मध्ये त्याने हॅरोगेटला पहिलं दुकान काढलं. 1936 मध्ये ‘क्वीन मेरी’ जहाजाच्या पहिल्या सफरीला तो गेला आणि आतल्या सजावटीवर इतका भाळला, की यॉर्कचं दुकान त्याने त्याच थाटात सजवून घेतलं. ही बेटी नेमकी कोण, यावर अजून वाद आहे.

यॉर्कचा एक जिन्नस तर महाराष्ट्रातल्या वाण्याच्या दुकानातही मिळतो. राउंट्री कंपनीने 1935 मध्ये ‘चॉकलेट क्रिस्प’ नावाने जे विकायला काढलं, तेच 1937 पासून किटकॅट.

इतिहास बघून झाला की रोजचं इंग्लंड पुन्हा समोर येतं. बसचालक पुरुषालाही ‘लव्ह’ म्हणतो, त्यात प्रेमाचा भाग नसतो. ‘यू ऑलराइट?’ या प्रश्नाला तब्येतीची हकीकत सांगायची नसते. उलट तेच विचारून पुढे जायचं. कुणी संध्याकाळी ‘टी’ला बोलावलं तर पोटभर खाऊन जाऊ नये, कारण यॉर्कशायरमध्ये त्याचा अर्थ बहुधा रात्रीचं जेवण असा होतो. मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, हे संध्याकाळी पाच वाजता दूध आणायला गेल्यावर कळतं. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो. डॉक्टरकडे नाव नोंदवायला मात्र नियमाप्रमाणे पत्त्याचा पुरावा लागत नाही. दवाखान्याने मागितला तरी नसल्याचं शांतपणे सांगावं आणि नाव नोंदवून घ्यावं.

मिन्स्टरमध्ये टेनिसच्या मैदानाएवढी रंगीत काचेची खिडकी आहे. कॉव्हेंट्रीहून आलेल्या जॉन थॉर्नटनने ती 1405 ते 1408 या तीन वर्षांत पुरी केली. त्याचे त्याला 56 पौंड मिळाले. आज ती पाहायला पर्यटकाला तिकीट काढावं लागतं. यॉर्कच्या रहिवाशाला प्रवेश फुकट आहे. दारावर फक्त पत्त्याचा पुरावा दाखवायचा.