गवती चहावर झाकण हवंच

पावसाळ्यात घसा खवखवू लागला की परसातल्या गवती चहाची दोन-चार पाती कापून आणली जातात. एक पातं चुरगळून पाहा, लिंबासारखा वास बोटांना चिकटून राहतो. हा वास सिट्रालचा. गवती चहाच्या तेलात बहुतेकदा ७० टक्क्यांच्या आसपास सिट्रालच असतं. हे तेल पानातल्या सूक्ष्म पेशींत साठलेलं असतं, म्हणून पाती अखंड टाकण्यापेक्षा कात्रीने बारीक कापावीत.

खरी गफलत पुढे होते. पातेलं उघडं ठेवून काढा रटरटा उकळला की स्वयंपाकघर घमघमतं, पण कपात फारसं काही उरत नाही. सिट्राल स्वतः २०० अंशांच्या वर उकळतं, तरी पाण्याच्या वाफेबरोबर ते १०० अंशांच्या आसपासच निघून जातं. अत्तराच्या भट्ट्या याच गुणावर चालतात. त्यामुळे आधी ठेचलेलं आलं पाच-सात मिनिटं उकळू द्या, त्याचा तिखटपणा उतरायला वेळ लागतो. मग गॅस बंद करून पाती आणि तुळशीची पानं घाला, वर ताटली झाका. ताटली उचलाल तेव्हा तिच्यावरचे थेंब पातेल्यातच निथळू द्या, सुगंध त्यांतही असतो.

या काढ्याने सर्दी बरी होत नाही, पण घशाला नक्की आराम पडतो. काढ्यात ज्येष्ठमध घालत असाल तर जपून, तो रोज भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. बीपी असणाऱ्यांनी तो टाळावाच. आणि काढ्यासोबत मध घेत असाल, तरी वर्षाच्या आतल्या बाळाला तो अजिबात चाटवू नका.