जमीन सहा जणांची, सही माझी!

‘आपण सगळे मिळून कुठंतरी जमीन घेऊ या ना यार!’

हे वाक्य तुमच्याही ग्रुपमध्ये कुणीतरी कधी ना कधी टाकलंच असेल. बहुतेक वेळा ते रविवारी रात्री पडतं, कारण सोमवार समोर दिसायला लागलेला असतो. मग सगळे ‘हो हो, करू या’ म्हणतात आणि बिल मागवतात. आमच्याकडे ते कर्वेनगरातल्या एका चहाच्या टपरीवर पडलं, आणि घोळ असा झाला की कुणीच हसलं नाही.

आम्ही सहा जण. दोघं आयटीतले, एक सीए, एक आर्किटेक्ट, एक बँकवाली आणि सहावी मी, म्हणजे ‘मानधन कधी जमा होईल’ असे मेल टाकत महिना काढणारी फ्रीलान्सर. आठवड्याभरात एक्सेल शीट तयार. भोरच्या पुढे दोन एकर, किंमत ७० लाख, माणशी पावणेबारा लाख. आर्किटेक्टने मातीच्या घरांची स्केचेस काढली. सोलर, एकच मोठं स्वयंपाकघर, परसात भाज्या, मागे देशी झाडं. कुंपण कुठंच नाही. ‘आपल्यात कसलं कुंपण?’ असा एकूण मूड. फाइलचं नाव होतं ‘गाव_फायनल’. मग ‘गाव_फायनल_२’. मग ‘३’.

पहिला दणका जमीन दाखवणाऱ्या एजंटने दिला. पांढरी बोलेरो, गळ्यात चेन, बोलणं एकदम मोजकं. आम्ही त्याला पर्माकल्चर समजावत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ते ऱ्हाऊ द्या. शेतकरी कोण हाय तुमच्यात?’

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आणि मग माझ्याकडे.

तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, आम्हालाही नव्हतं. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं. १९४८च्या कूळकायद्याचं कलम ६३. नसाल तर परवानगीसाठी अर्ज-विनंत्यांची वारी. पगार दोन लाख असो नाहीतर वीस, सातबाऱ्यावर नाव नसेल तर तुम्ही या बाबतीत भूमिहीन! आमच्या ग्रुपमध्ये सातबाऱ्यावर नाव होतं फक्त माझं, जिच्या खात्यात सगळ्यात कमी पैसे. बाबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या सव्वादोन एकरावर नऊ नावं चढली. त्यात आई, दादा आणि मी. माझ्या वाट्याला कागदोपत्री दहा गुंठे.

‘मस्त!’ आयटीवाला म्हणाला. ‘तू नाव दे, आम्ही पैसे देतो. तुझा शेअर फ्री.’

पावणेबारा लाखांची गोष्ट फुकटात! खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी माझं मातीचं घर मनातल्या मनात सारवूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी सीएचा फोन आला. तो आदल्या दिवशी गप्प होता आणि सीए गप्प असला की समजावं. पैसे एकाचे आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर, याला बेनामी म्हणतात, हे त्याने मला सांगितलं. १९८८चा कायदा २०१६मध्ये चांगलाच कडक झालाय. जमीन जप्त होऊ शकते, वर तुरुंगही. ‘आणि ते सोड,’ तो म्हणाला, ‘उद्या तू ती विकलीस तर आम्ही काय करणार?’

मी हसले. तो हसला नाही.

काकांचा फोन

योगायोग म्हणा, त्याच आठवड्यात गावाहून धाकट्या काकांचा फोन आला. विषय एकच, हक्कसोड. ‘आगं पोरी, तू काय तिकडनं येऊन नांगर धरणार हाईस का? एकदा कोरेगावात ये, सही करून जा. तुझ्या आत्यांनी न्हाई केली?’

केली होती. दोन्ही आत्यांनी आजोबा गेल्यावर निमूटपणे सह्या केल्या आणि साडी-चोळी घेऊन सासरी परत गेल्या. २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आला. वडील त्या तारखेला हयात असोत नसोत, हक्क जन्मानेच, हे सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये आणखी स्पष्ट केलं. पण गावात कायदा पोचतो उशिरा आणि हक्कसोडचा मसुदा कायम तयार असतो.

काकांना व्हिलन करणं सोपं आहे आणि तसं लिहिलं तर तुम्ही माझ्या बाजूने व्हाल. पण तीस वर्षं ते रान त्यांनीच कसलंय. आलं, घेवडा, एका विहिरीवर सगळं. बोअर आटलं तेव्हा टँकर त्यांनी आणला. दादा बंगळूरला, मी पुण्यात. आमचा जमिनीशी संबंध म्हणजे दिवाळीत येणारी घेवड्याची पिशवी.

म्हणजे बघा गंमत. ज्या सामायिक मालकीसाठी आम्ही सहा जण पावणेबारा लाख मोजायला निघालो होतो, ती माझ्याकडे आधीच होती. गावाकडे तिला भाऊबंदकी म्हणतात.

गाव_फायनल_३

नावाचा प्रश्न कसाबसा बाजूला ठेवून आम्ही करारनाम्याचा मसुदा लिहायला बसलो. कचरा कोण नेणार, कुत्री किती, दारू चालेल का, सगळं दोन तासांत मिटलं. अडलं एकाच ओळीवर. कुणाला बाहेर पडायचं असेल तर?

बँकवालीला लग्न करून परदेशी जायची शक्यता वाटत होती. तिला तिचे पैसे बाजारभावाने परत हवे होते. रास्तच आहे. पण उरलेल्यांकडे ते असतील कशावरून? मग बाहेरचा गिऱ्हाईक आणायचा का? तो उद्या रिसॉर्ट काढेल! वेगळे तुकडे पाडायचे तर दोन एकर म्हणजे ८० गुंठे, भागिले सहा, माणशी तेराच्या आसपास. जिरायत जमिनीत २० गुंठ्यांच्या खाली तुकडा विकता येत नाही. तुकडेबंदीची ही मर्यादा २०२३मध्ये पुणे जिल्ह्यासह बहुतेक जिल्ह्यांत लागू झाली. म्हणजे एकत्र राहणं अवघड आणि वेगळं होणं बेकायदा. अगदी लग्नासारखंच, असं सीए म्हणाला. त्याचं नुकतंच झालंय.

आयटीवाल्याने मग एक वाक्य टाकलं, जे आम्ही कुणीच आधी बोललो नव्हतो. ‘पाच वर्षांत तिथं रेट दुप्पट होणार, म्हणून तर मी पैसे घालतोय ना यार!’ स्केचबुक बंद झालं. बिल आलं.

मेंढा-लेखा

मी नंतर दुसऱ्याच एका कामासाठी गडचिरोलीला गेले होते. पुण्याहून नागपूर रात्रभर रेल्वे, तिथून एसटी, हाडं खिळखिळी. काम संपवून एक दिवस हातात होता, म्हणून धानोरा रस्त्यावरच्या मेंढ्याला गेले. लेखा गावाला लागून असलेलं हे गोंड आदिवासींचं गाव, म्हणून मेंढा-लेखा. मासकॉमला असताना डेव्हलपमेंट जर्नलिझमच्या पेपरात आम्ही ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पाठ केली होती. पाच मार्कांसाठी. यावेळी मी माझा प्रश्न घेऊन गेले होते.

गाव छोटं, मातीची घरं (आमच्या आर्किटेक्टच्या स्केचमधल्यासारखी नाहीत, खरी!), भोवती बांबूचं रान. देवाजी तोफांचं नेतृत्व आणि वृक्षमित्र संस्थेच्या मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ, यातून इथं ग्रामसभेने एक सवय लावून घेतली. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. एकाचंही मन तयार नसेल तर थांबायचं आणि पुन्हा बसायचं. बसण्याआधी त्या विषयाचा अभ्यास करायचा, त्यासाठी अभ्यासगट. आमच्या ऑफिसांमध्ये पंधरा मिनिटांच्या स्टँडअप मीटिंगमध्येही कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही, हे आठवून मला जरा कसंतरी झालं.

वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागे, आणि खात्याच्या लेखी बांबू म्हणजे लाकूड. २०११च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं.

पण मला गाठायचं होतं ते २०१३. त्या वर्षी मेंढ्याच्या जमीनधारकांनी आपापली शेतीसुद्धा ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. जंगल सामूहिक असणं समजतं. ते कधी कुणा एकाचं नव्हतंच. पण स्वतःचं शेत?

यासाठी त्यांनी वापरला महाराष्ट्र ग्रामदान कायदा, साल १९६४. आमच्यापैकी कुणी जन्मलंही नव्हतं तेव्हाचा. मूळ कल्पना विनोबांची, आपल्या पेणजवळच्या गागोद्याच्या विनोबांची. १८ एप्रिल १९५१ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना भूमिहीनांसाठी १०० एकर मिळाले आणि भूदान सुरू झालं. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरोठने अख्ख्या गावाची जमीन दिली. ते पहिलं ग्रामदान.

कायद्याचा फंडा असा. गावातल्या निदान ७५ टक्के लोकांनी तयार व्हायचं आणि त्यातून निदान ६० टक्के जमीन यायला हवी. मालकी ग्रामसभेची होते. विसावा हिस्सा भूमिहीनांना. उरलेली जमीन ज्याची तोच कसतो, पीक त्याचं, त्याच्यानंतर मुलांचं. उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा गावाच्या कोशात. फक्त एक गोष्ट जाते. ती जमीन बाहेरच्याला विकण्याचा हक्क.

तिथल्या पारावर बसून हे मी वहीत उतरवलं आणि ‘गाव_फायनल_३’ आठवलं. आम्ही ज्या एका ओळीवर अडलो होतो, ती ओळ या लोकांनी सरळ खोडून टाकली होती. आम्हाला जमीन एकत्र घ्यायची होती आणि किंमत मात्र ज्याची त्याला हवी होती. त्यांनी कसणं ज्याचं त्याला ठेवलं आणि किंमतच बाजारातून काढून घेतली. हे सगळं गुलाबी आहे असं समजू नका. ठराव झाल्यावर सरकारी कागद हलायला वर्षांवर वर्षं गेली. आणि हेही खरं की तिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ‘एक्झिट’चा प्रश्न आमच्यासारखा दर अप्रेझलला त्यांच्यासमोर उभा राहत नाही.

जॉर्जिया व्हाया विनोबा

परतीच्या गाडीत मोबाइलवर शोधता शोधता एक भन्नाट धागा सापडला. विनोबांच्या ग्रामदानाकडे बघून अमेरिकेत रॉबर्ट स्वान आणि मंडळींच्या डोक्यात सामूहिक भूमी न्यासाची कल्पना पक्की होत गेली. तिथला पहिला असा न्यास, न्यू कम्युनिटीज, १९६९मध्ये जॉर्जिया राज्यात उभा राहिला. नागरी हक्क चळवळीतल्या चार्ल्स शेरॉड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी पाच हजारांहून जास्त एकर घेतले. रचना साधी, जमीन न्यासाची, ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कसायला, आणि तुम्ही बांधलेलं घर तुमचं. निघालात तर घराचे पैसे घ्या, जमिनीचे नाहीत. अरे, हेच तर हवं होतं ना आम्हाला!

त्यांचं पुढे काय झालं? दुष्काळ आले, सरकारी कर्ज गोऱ्या शेतकऱ्यांसारखं वेळेत मिळालं नाही, आणि १९८५मध्ये जमीन कर्जापायी गेली. ते लढत राहिले. २००९मध्ये भेदभावाच्या दाव्यात १ कोटी २० लाख डॉलर मिळाले आणि त्यातून २०११मध्ये त्यांनी नवी जमीन घेतली. सोळाशे एकरांवर. जिथं एकेकाळी गुलामांकडून शेती करवून घेत, ती.

मी हे सगळं ग्रुपवर टाकलं. पाच निळ्या टिका आणि एक थम्स-अप. नंतर आर्किटेक्टने एकटीला मेसेज केला, ‘मला किंमत नको. मला तिथं राहायचंय.’ सीएही तयार आहे, बायकोला विचारून. बाकीच्यांनी भोरलाच स्वतंत्र एनए प्लॉट बघायला सुरुवात केलीय. राग नाही. ते खरं बोलले एवढंच.

कोरेगाव

गेल्या महिन्यात गावी गेले. काकांनी मसुदा काढून ठेवलाच होता, प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याबरोबर. काकूंनी चहा ठेवला. मी म्हटलं, ‘काका, मी सही करणार नाही.’

काकू गॅसजवळच थांबल्या.

‘पण मी विकणारही नाही. वाटणीही मागणार नाही. तुम्ही कसा, पीक तुमचं. फक्त आपण नऊही जण एक कागद करू, की घराबाहेर कुणी विकायचं नाही. मीही नाही, दादाही नाही आणि तुम्हीही नाही.’

काका बराच वेळ बाहेर बघत राहिले. अशा कागदाला कोर्टात किती वजन हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ते नक्कीच कळलं होतं. मधल्या काकांची मुलं गेल्याच वर्षी रस्त्याकडचा भाग विकायचं बोलत होती, हे मला नंतर आईकडून समजलं.

‘नाव ठेवायचं म्हंतीस,’ शेवटी ते म्हणाले.

‘हो.’

‘मग हिरीवरची मोटार जळलीया परवा. रिवाइंडिंगला चोपनशे सांगितल्यात त्यानं. नवातला एक हिस्सा तुझा.’

मी हिशोब केला. दहा गुंठे, नव्वदातले. सहाशे रुपये. काकांकडे यूपीआय नाही, म्हणून काकूंच्या नंबरवर पाठवले. काकूंनी मोबाइल लांब धरून मेसेज दोनदा वाचला. मसुद्याची पिशवी काकांनी परत कपाटावर ठेवली. फाडली नाही.